काकूंच्या तीन पेट्या

मांजरांच्या पेटीत घालायची माती मी पाडव्याच्या सकाळी समोरच्या घरी रांगोळी म्हणून दिली. चांगली वाटी भरून दिली आणि वर, अजून लागली तर सांगा, असंही म्हणालो.

माती कोरी होती, वापरलेली नव्हती, एवढं माझ्या बाजूने आधीच सांगून ठेवतो. कारण ही गोष्ट पुढे डोंबिवलीत घरोघर फिरली आणि प्रत्येक घरी माती थोडी थोडी वापरलेली होत गेली. शेवटी ऑफिसमधल्या एका माणसाने मला माझीच गोष्ट दुसऱ्या कुणाची तरी म्हणून सांगितली, तेव्हा तो मूर्ख भाडेकरू मी नव्हेच अशा थाटात मी हसून घेतलं.

त्या घरात मी भाड्याने राहायचो. घर काकूंचं. काकूंनी लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे त्या कुणाच्या काकू हा प्रश्नच होता, पण सगळी बिल्डिंग काकूच म्हणायची. दोन बेडरूमचं घर, त्यातली एक खोली माझी. दारावर पितळी पाटी. पाटीवर वर काकूंचं नाव, खाली ‘सखू’, त्याखाली ‘कारभारी’. ही दोन्ही मांजरं. माझं नाव नव्हतं. अकरा महिन्यांच्या करारासाठी पितळ कोण घालवणार?

काकूंची सगळी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका साबणाच्या कारखान्यात झाली. काम वास घेण्याचं. साबणाचा नवा घाणा निघाला की त्याचा तुकडा काकूंच्या टेबलावर यायचा आणि काकू ‘जाऊ दे’ किंवा ‘परत’ एवढंच म्हणायच्या. गुलाब, चंदन, मोगरा असं सगळं आयुष्यभर हुंगून झाल्यावर त्यांना सुगंधाचा इतका तिटकारा आला होता की घरात उदबत्तीसुद्धा नव्हती. देवापुढे नुसता दिवा. सुगंध म्हणजे लबाडी, असं त्यांचं ठाम मत होतं. “कुठे छान वास आला की मी आधी विचारते, खाली काय दडवलंय?” या मतामुळे त्यांना लग्नाच्या हॉलवर कुणी फारसं बोलवत नसे.

मांजरं घरातली. बाहेर जायची नाहीत. तेव्हा त्यांचं सगळं घरातच, आणि त्यासाठी पेट्या. दुकानदार त्याला लिटर बॉक्स म्हणतात. काकू पेटी म्हणायच्या आणि तो शब्द गाणारी माणसं हार्मोनियमविषयी बोलताना काढतात तसल्या आदराने काढायच्या. दोन मांजरांना तीन पेट्या. मी सुरुवातीला विचारलं की तिसरी कशाला, तर म्हणाल्या, “एकाने आत जाऊन दार अडवलं तर दुसऱ्याने काय करायचं? शिवाय एखादी आवडली नाही तर?” माझ्या मनात आलं की या घरात माणसंही दोनच आहेत आणि त्यांच्यात संडास एक आहे. पण मी बोललो नाही. डिपॉझिट भरून झालं होतं.

या तिन्ही पेट्या राजरोस दिसतील अशा ठेवलेल्या. एक हॉलमध्ये, सोफ्याशेजारी, खिडकीखाली. एक पॅसेजमध्ये. एक काकूंच्या खोलीत. पाहुणे आले की सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला गोळा होत. एकदा त्यांच्या ठाण्याच्या बहिणीने सुचवलं की निदान हॉलमधली तरी मोरीत वॉशिंग मशीनमागे ढकल. काकू म्हणाल्या, “तू बसलीस आणि मागून ते मशीन घरघरायला लागलं, तर परत त्या जागी जाशील?” बहीण म्हणाली, “पण बरं दिसत नाही गं.” त्यावर काकूंचं ठरलेलं उत्तर होतं आणि ते त्या सगळ्यांना देत. माझ्या घरात घाण असली तर मी काढते, झाकत नाही.

ही पेटी विकत घेण्याचा सोहळा मी एकदा पाहिला आहे. पाहिला कसला, त्यात मला काम होतं. सखू म्हातारी झाली, तिचे गुडघे धरायला लागले आणि तिला उंच काठावरून पाय टाकवेना. काकूंनी एक सुतळी घेतली, झोपलेल्या सखूच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत धरली, वर निम्मी आणखी घेतली आणि गाठ मारली. ती सुतळी पर्समध्ये टाकून आम्ही स्टेशनजवळच्या प्लॅस्टिकच्या दुकानात गेलो. तिथे काकूंनी मिळेल तो टब फुटपाथवर काढायला लावला आणि प्रत्येकाला सुतळी लावून बघितली. दुकानदाराला वाटलं बाळाच्या अंघोळीला हवाय. त्याने विचारलं, बाळ केवढं आहे. काकू म्हणाल्या, “म्हातारं आहे.” तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला.

शेवटी एक रुंद, बुटका टब त्यांना पसंत पडला. पण आत वळता येईल का, ही शंका राहिली. मला म्हणाल्या, “अरे, जरा खाली बसून वळून दाखव.” टबात मी मावणार नव्हतो, तर त्यांनी फुटपाथवर खडूने त्या मापाच्या प्रमाणात मोठं रिंगण काढलं, माझ्या उंचीचा हिशेब करून. मी भर बाजारात चार पायांवर उभा राहून गोल वळलो. का वळलो, हे मला आजही सांगता येत नाही. काकूंच्या आवाजात असं काही होतं की घाण्याच्या घाणे परत गेले असतील, तिथे मी कोण? घरी आल्यावर त्यांनी गरम सुरीने टबाचा पुढचा काठ कापला, कड कानशीने घासून गुळगुळीत केली आणि सखू त्यात अशी चालत गेली की जणू पायरीवरून देवळात शिरली.

त्याच खेपेला झारा घेतला. पेटी उपसायला बाजारात प्लॅस्टिकची फावडी मिळतात, पण ती काकूंना कुचकामी वाटत. भांड्यांच्या दुकानात जाऊन त्यांनी स्टीलचे झारे मागितले. भांडेवाल्याने विचारलं, भजी की बुंदी. काकूंनी भोकं नीट निरखली आणि बुंदीचा घेतला. “गोळा वर राहिला पाहिजे आणि माती खाली गळली पाहिजे,” त्यांनी त्याला समजावून सांगितलं. तो हसून म्हणाला की बुंदीचंही तसंच असतं. काकू म्हणाल्या, अगदी तसंच. मी त्या दिवाळीत लाडू खाल्ले नाहीत.

सकाळी चहाच्या आधी आणि संध्याकाळी दिवा लावायच्या आधी, काकू झारा घेऊन बसायच्या. माती बारीक, बिनवासाची, ओलं झालं की गोळा धरणारी. तीन बोटं खोल. कमी झाली की वरून घालायच्या. ठरावीक दिवसांनी सगळी काढून टाकून पेटी साध्या साबणाने आणि गरम पाण्याने धुऊन उन्हात खिडकीच्या ग्रिलवर टांगायच्या. घरात फिनेलला बंदी. ते मांजराला विष आहे आणि माणसाला आळस, असं त्यांचं म्हणणं. फिनेल टाकलं की माणूस घासायचं सोडतो.

मी एकदा सुधारणा करायला गेलेलो. पहिल्या पगारवाढीचा महिना होता. मी त्यांच्यासाठी एक घुमटवाली पेटी ऑनलाइन मागवली. वर झाकण, पुढे झुलतं दार, आत लॅव्हेंडरची वडी. काकूंनी ती हॉलमध्ये ठेवू दिली, कदाचित मला धडा मिळावा म्हणूनच. कारभारीने डोकं आत घातलं, बाहेर काढलं, माझ्याकडे एकवार पाहिलं आणि सरळ जाऊन माझ्या ऑफिसच्या बॅगेत कार्यक्रम उरकला. मी ओरडलो तर काकू शांतपणे म्हणाल्या, “तुला अंधारी, कोंदट, अत्तर मारलेली खोली दिली तर तू जाशील?” मी म्हटलं की आमच्या ऑफिसात तसलीच आहे, रोज जातो. “म्हणून तुझा चेहरा असा असतो होय.”

आता तुम्हाला वाटेल, बाईला वेड होतं. मलाही वाटायचं. मग एका सकाळी काकू झारा हातात तसाच धरून बसून राहिल्या. कारभारी एका पेटीतून निघून दुसऱ्या पेटीत जात होता, बसत होता, उठत होता. मी दात घासता घासता सांगितलं की पोट साफ होत नसेल, एरंडेल देऊन बघा. काकू म्हणाल्या, “शी झालीये त्याची काल. लघवीचा गोळा नाहीये. तिन्ही पेट्यांत आहेत ते गोळे सखूचे.” त्यांनी त्याला टोपलीत घातला, मला ऑफिसला दांडी मारायला लावली आणि आम्ही रिक्षाने कल्याणच्या डॉक्टरकडे गेलो. टोपली माझ्या मांडीवर होती. कारभारी जाळीतून माझं बोट चावत होता आणि काकू त्याला धीर देत होत्या. लघवी अडली होती. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला असता तर बोका गेलाच असता. कळलं कसं, असं त्यांनी विचारलं. काकूंना प्रश्नच कळला नाही. रोज बघतात त्यांना कळतं, एवढंच त्या म्हणाल्या.

त्यानंतर मी झाऱ्याची थट्टा बंद केली. एरंडेलही सुचवलं नाही कुणाला.

तर पाडवा. समोरच्या घरात सोसायटीचे सेक्रेटरी राहायचे. त्यांना काकूंची मांजरं नको होती आणि हे ते जिना, लिफ्ट, पार्किंग, जिथे भेटतील तिथे सांगायचे. वास येतो, म्हणायचे. काकू प्रत्येक वेळी विचारायच्या, कुठे उभं राहिल्यावर? त्याचं उत्तर त्यांना कधी देता आलं नव्हतं. त्यांची बायको, वहिनी, भली बाई. त्या सकाळी त्यांची पांढरी रांगोळी संपली. काकू कडुलिंब आणि गाठी आणायला बाजारात गेलेल्या. वहिनींनी दारातून मला विचारलं, थोडी रांगोळी आहे का हो?

काकू मातीची पिशवी आणली की ती एका जुन्या डब्यात ओतून ठेवायच्या. मी डबा उघडला. आत पांढुरकी, बारीक, दाणेदार. मी वाटी भरली. वहिनींनी चिमूट घेऊन बघितली आणि म्हणाल्या, जरा जाडसर वाटते. तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. पण माहीत नसलेल्या गोष्टीवर माझं तोंड जास्त चालतं. “गावची आहे,” मी म्हटलं, “कोकणातली. अशीच असते.”

वहिनींनी दोन दारांच्या मधल्या मोकळ्या जागेत सुरेख रांगोळी घातली. कलश, वर गुढी, बाजूने वेल. रंग भरले. मी कौतुक करायला दारात उभा होतो आणि दार उघडंच होतं. माझ्या पायाजवळून सखू बाहेर गेली. आयुष्यात कधी उंबरा न ओलांडलेली म्हातारी. तिने समोर पाहिलं. ओळखीची माती, ऐसपैस, उघड्यावर, काठ अजिबात नाही, मागे-पुढे मोकळं. काकूंनी आयुष्यभर जे जे जमवायचा प्रयत्न केला ते सगळं एका जागी. ती शांतपणे कलशाच्या मध्यावर गेली, उकरलं, वळली आणि बसली.

त्याच वेळी सेक्रेटरी नवा झब्बा घालून नैवेद्याचं ताट धरून बाहेर आले. वहिनी त्यांच्या मागे. आणि जिन्यावरून काकू, हातात कडुलिंबाचा डहाळा.

सखूने आपलं काम पुरं केलं, केशरी रंग ओढून वर नीट झाकलं आणि घरात निघून गेली. काकू वाकल्या. मला वाटलं माफी मागतायत. त्या मला म्हणाल्या, “बघ, गोळा कसा घट्ट धरलाय.”

मग त्या वहिनींना म्हणाल्या, “मांजराचं काही चुकलेलं नाही. तिला माती दिसली. तुला ही कुणी दिली?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोकणाबद्दल काही बोललो नाही.

वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं, वर्षाचा पहिला दिवस होता, आणि सेक्रेटरींना जे इतकी वर्षं मिळत नव्हतं ते कलशाच्या मधोमध मिळालं होतं. रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग लागली. विषय एकच. मांजरं हलवा.

काकूंनी मीटिंगच्या आधी ना कुणाला फोन केला, ना कुणाच्या घरी गाठी पाठवल्या. मी दोनदा सुचवलं की वहिनींना साडी द्या, सेक्रेटरींना सॉरी म्हणा. काकू म्हणाल्या की वहिनीला त्यांनी त्याच दिवशी रांगोळीचा नवा पुडा दिला आहे, कारण तिचं नुकसान झालं. सेक्रेटरीचं काय झालंय?

मीटिंगला खुर्च्या कमी आणि माणसं जास्त. सेक्रेटरी बराच वेळ बोलले. आरोग्य, संस्कृती, लहान मुलं, दुर्गंध. मग काकू उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढला नाही. साबण परत पाठवताना असाच असणार. “कायदा माझ्या बाजूने आहे, मी वाचलाय. पण तो दाखवून मला राहायचं नाही. माझी मांजरं इथे मानाने राहतील. आत्ता, या क्षणी वर चला. तुमच्यातल्या कुणीही डोळे बांधून माझ्या घरात फिरा. नाकाने एक पेटी शोधून दाखवा. सापडली, तर मी घर विकते आणि मांजरं घेऊन शीळफाट्याच्या पलीकडे जाते. नाही सापडली, तर वास हा शब्द माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाही.”

मी हळूच जिन्याकडे सरकलो. कारण मीटिंगला काकूंच्या मागून खाली उतरताना, त्यांना मदत म्हणून, मी घरभर मोगऱ्याचा स्प्रे मारून आलो होतो. अख्खा डबा. माझ्या खोलीत मात्र मारला नव्हता, डबा तिथे पोचेपर्यंत संपला.

निम्मी सोसायटी जिना चढून वर आली. दार उघडलं आणि मोगऱ्याचा लोट बाहेर आला. सेक्रेटरींचा चेहरा एकदम निवळला. ते मोठ्याने श्वास घेऊन म्हणाले, “अहो, काय प्रसन्न वाटतंय. असंच ठेवत जा ना काकू, मग आमची काय तक्रार आहे? विषय इथेच संपला.” लोक माना डोलवायला लागले. चेअरमन तर घरी जायला वळलेसुद्धा.

म्हणजे काकू जिंकल्या होत्या. फक्त ‘बरं’ म्हणायचं होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडलो होतो.

काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी आधी घरात पाहिलं, मग माझ्याकडे. मी छताकडे बघत होतो.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “हा माझ्या घराचा वास नाही. कुणीतरी फवारलंय. असली परीक्षा मला नको.”

सेक्रेटरी म्हणाले, जाऊ द्या हो, आम्ही मान्य करतोय ना. काकू म्हणाल्या, “तुम्ही मोगऱ्याला मान्य करताय. मी माझ्या पेट्यांवर मोगरा शिंपडून इथे राहणार नाही. वास असेल तर मी जाईन, पण झाकून राहणार नाही.”

मग त्यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या, पंखे लावले आणि मोगरा जाईपर्यंत सोसायटीला जिन्यावर बसवून ठेवलं. कोकम सरबत दिलं. एकजण कुरकुरला की रविवार आहे, त्याला दुसरा ग्लास दिला. मी पायरीच्या टोकाला बसलो होतो आणि माझ्याशेजारी कुणी बसत नव्हतं. मला भीती काकूंची वाटत नव्हती, त्या काय बोलायच्या ते बोलून मोकळ्या होतील. पण पाटीवरची नावं उतरतील आणि ती माझ्या स्प्रेमुळे नाही, तर स्प्रे नसल्यामुळे उतरतील, हे काही केल्या डोक्यातून जाईना. संध्याकाळचं उपसणंही राहिलं होतं. काकूंना झारा घेऊन या म्हणालो तर त्यांनी मान हलवली. जे आहे ते आहे.

मोगरा गेल्याचं काकूंनीच सांगितलं. सेक्रेटरींनी डोळे बांधायला रुमाल काढला. काकूंनी तो हुंगून परत केला, अत्तर आहे म्हणाल्या, आणि स्वतःचा धुतलेला पंचा आणला. शोधायला कोण, तर सेक्रेटरींनी वहिनींना पुढे केलं. “हिचं नाक तिखट आहे. बाजूच्या बिल्डिंगमध्ये दूध करपलं तरी हिला कळतं.”

वहिनी पंचा बांधून, हात पुढे करून घरात शिरल्या. आम्ही सगळे दारात. त्या सोफ्यापाशी गेल्या. त्यांच्या साडीची निरी हॉलमधल्या पेटीला घासून गेली. त्या थांबल्या, नाक वर केलं आणि पुढे गेल्या. सखू उठून त्याच पेटीच्या दिशेने निघाली तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तर ती पेटीशेजारी अंग पसरून पडली होती. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी म्हणाल्या, इथे हिंग आहे. पॅसेजमधल्या पेटीसमोर तर त्या अगदी पाय लागेल इतक्या जवळ उभ्या होत्या. “इथे काहीच नाही,” असं त्या म्हणाल्या, आणि सेक्रेटरी जागच्या जागी चुळबुळले. काकूंच्या खोलीत जाऊन त्या नुसत्याच परत आल्या.

काकूंचा चेहरा दगडासारखा होता. फक्त पदराचं टोक मुठीत गच्च धरलेलं मला दिसत होतं.

वहिनी पॅसेजमध्ये वळल्या आणि अचानक थबकल्या. एकदा हुंगलं. परत हुंगलं. मग आत्तापर्यंत चाचपडत चालणारी बाई सरळ, ठाम पावलं टाकत निघाली आणि एका बंद दारासमोर उभी राहिली. दार ढकललं आणि लगेच पदर नाकाला लावला.

“इथे,” त्या म्हणाल्या. “इथेच आहे. आणि बरेच दिवस कुणी उपसलेली नाही.”

सेक्रेटरींनी टाळी वाजवली. काकूंनी पदर सोडला, मोठा श्वास घेतला आणि म्हणाल्या, “अगं, तिथे भाडेकरू राहतो.”